आतलं चाक

टायरवाल्या विक्कीने दोन चाकांच्या फटीतून लोखंडी टामी आत घातली, मागच्या डाव्या बाजूच्या आतल्या चाकावर दणकून ठोका दिला आणि वर न बघताच विचारलं, "काका, आयकलं ना? बराबर हाये?" वारलू शेजारीच उभा होता. "हाये बराबर," तो म्हणाला. विक्कीने नुसत्या सवयीने वालला मीटर लावलं. मग तो मागे वळला आणि हसत म्हणाला, "अर्धी हवा नाई ना काका याच्यात! झोपेत हा का?" तेवढंच झालं. विक्कीने नळी ओढली, कॉम्प्रेसर सुरू केला, चाक भरलं. चंद्रपूरच्या त्या रस्त्यावर सकाळची धांदल सुरू होती, बल्लारपूरच्या पाळीला निघालेली माणसं दुचाकीवरून चालली होती, भद्रावतीची एसटी हॉर्न देत वळत होती. अर्ध्या रिकाम्या चाकाला एक म्हातारा ड्रायव्हर भरलेलं म्हणाला, याचं कुणाला काही पडलं नव्हतं. वारलूला मात्र पडलं होतं. कारण तो झोपेत नव्हता. त्याने कान देऊन ऐकलं होतं. भरलेल्या चाकाचा ठोका वर उसळतो, रिकाम्याचा आतल्या आत मरतो, हा फरक त्याला आयुष्यभर ऐकू आला होता, आणि आज सहाच्या सहा चाकं त्याच्यासाठी एकसारखी वाजली होती.

"मीटर घेऊन जा," विक्की म्हणाला. "रेतीत गाडी घालून राह्यले म्हनता ना? परवा वापस द्या, काई घाई नाई." खरं तर तिथेच हात पुढे करायला हवा होता. मीटर खिशात मावलं असतं. पण या दुकानात वारलू म्हणजे कानाने हवा मोजणारा माणूस होता. नवीन पोरं यायची तेव्हा विक्कीच त्यांना सांगायचा, हा काका नुसत्या ठोक्यावर हवा सांगतो, लावा पैज. अशा माणसाने मीटर मागायचं म्हणजे बुवाने स्वतःचाच गंडादोरा उतरवून ठेवण्यासारखं होतं. "मले काऊन पाह्यजे मीटर?" तो म्हणाला. "ते तुमच्यासारख्या पोट्ट्याईले." आणि केबिनमध्ये चढला. डावीकडच्या सीटवर त्याची बायको सुकरी पायाशी गाठोडं घेऊन बसली होती. ती काहीतरी बोलली. तो "हो" म्हणाला आणि त्याने गाडी काढली.

ट्रक मालकाचा होता, दोन दिवसांसाठी मागून घेतलेला. आलापल्लीहून एक दगड उचलायचा आणि नदीपलीकडे गावात न्यायचा, एवढंच काम होतं. वारलूचा थोरला भाऊ जंगू गेल्या पावसाळ्यात आलापल्लीला तापाने गेला होता. तो गावाहून जाऊन येऊन तिथल्या लाकडाच्या डेपोत सागाचे ओंडके चढवण्याचं काम करायचा. नदीला पूर होता, म्हणून त्याची माती गावी नेता आली नाही, तिथेच द्यावी लागली. आता त्याच्या नावाचा दगड गावच्या शिवेवर, बापाच्या आणि आज्याच्या दगडांच्या ओळीत उभा करायचा होता. दगड उभा राहीपर्यंत मेलेल्याला घर नसतं, असं त्यांच्या घराण्यात मानत. आणि दोन गोष्टी पाळत. माणूस ज्या ठिकाणी पडला त्या ठिकाणचाच दगड आणायचा, आणि एकदा उचललेला दगड जागेवर जाईपर्यंत जमिनीला टेकवायचा नाही. जिथे टेकला तिथेच तो माणूस बसला. मग त्याला कुणी हलवत नाही. पूर्वी लोक असे दगड खांद्यावर लाकडी बल्ल्या घेऊन आणत आणि दमले की उभ्या उभ्या खांदे बदलत. बहिणीचा पोरगा विनोद म्हणाला होता, "मामा, ट्रॅक्टर आनतो मी, नदीत ट्रॅक्टरच बरा." वारलूने ऐकलं नाही. गाव सोडून शहरात गेलेला तो एकटाच. भावाच्या मरणाला पोहोचला नव्हता, मातीला पोहोचला नव्हता. दगड तरी आपल्या हाताने, आपल्या चाकांवर नेऊ, असं त्याने धरून ठेवलं होतं, आणि धरलेलं सोडायचं नाही ही खोड त्या घरात सगळ्यांनाच होती.

बल्लारपूर मागे पडलं, गोंडपिपरीच्या पुढे जंगल जवळ आलं. वारलू आपल्या डाव्या कानाचा विचार करत होता. इंजिन त्या बाजूला. बांबूच्या गाड्या, सागाच्या गाड्या, गिट्टीच्या, रेतीच्या. केबिनच्या मधोमध ते तापलेलं खोकं रात्रंदिवस घुरघुरत राहिलं आणि त्याने तो कान हळूहळू चावून खाल्ला. हे काही आज कळलं नव्हतं. कळलं होतं आणि कळू दिलं नव्हतं. फोन तो उजव्या कानाला लावायचा. चहाच्या टपरीवर भिंतीच्या कडेची जागा धरायचा, म्हणजे बोलणारे उजवीकडेच बसत. लोक हसले की हसायचं, लोक थांबले की "हो" म्हणायचं. जगातल्या बहुतेक बोलण्याला "हो" पुरतं, हे त्याला कळून चुकलं होतं. पण तो सगळा डाव्या कानाचा कारभार होता. उजवा शाबूत आहे, या भरवशावर तो उभा होता. आज विक्कीच्या ठोक्याने तो भरवसाच काढून घेतला. मग त्याला दोन उन्हाळ्यांमागची एक गोष्ट आठवली. आष्टीच्या पुढे गाडी तापली म्हणून तो आणि सुकरी झाडाखाली बसले होते, आणि तो सहज म्हणाला होता, "जंगलात आता पाखरं नाई राह्यली." सुकरी त्याच्याकडे बघत राहिली होती. तेव्हा त्याला वाटलं, तिलाही वाईट वाटलं असेल. म्हणजे पाखरं होती तर. त्या झाडावर, त्यांच्या डोक्यावर, तेव्हाही ओरडत असतील.

त्याने काच आणखी खाली केली. साग पानगळीने उघडे झाले होते, रस्त्याच्या कडेला वाळकी पानं वाऱ्याने सरकत होती. सरकताना दिसत होती. त्यांचा आवाज कसा असतो, हे त्याला पाठ होतं, म्हणून क्षणभर तो ऐकू आल्यासारखाही वाटला. मग शंका आली की गेली कित्येक वर्षं आपण असंच पाठ असलेलं ऐकतो आहोत की काय. सुकरीचं बोलणंसुद्धा. ती काय बोलणार हे तोंड उघडण्याआधीच त्याला ठाऊक असायचं. पण मधल्या काळात तिने एखादी नवीन गोष्ट सांगितली असेल तर? लेकीबद्दल, दुखण्याबद्दल? त्याने डोळ्याच्या कोपऱ्यातून तिच्याकडे पाहिलं. ती पुढे रस्त्याकडे बघत होती, गाठोड्यावर हात ठेवून. ओठ मिटलेले होते. गाडीत ती अलीकडे फार बोलत नाही, हे त्याच्या तेव्हा ध्यानात आलं.

हवेचं ज्ञान त्याला जंगूनेच दिलं होतं, आणि गंमत म्हणजे जंगूला गाडीतलं ओ की ठो कळत नव्हतं. जंगू गावचा ढोल वाजवणारा. वारलू नवा ड्रायव्हर झाला तेव्हा पहिल्यांदा गाडी घेऊन नदीत उतरला आणि चाकं रेतीत अशी रुतली की पोरं हसायला लागली. तेव्हा जंगू धोतर खोचून आला, गाडीभोवती फिरला, चाकावर बोटांनी टकटक केली. "येवढा तानून ठेवलास काऊन याले?" तो म्हणाला. "तानलेला ढोल आंगनात वाजवाचा. रेतीवर टेकवाचा तर ढिला पाह्यजे, नाई तं जमीन फाडते तो." आणि तेंदूची काडी घेऊन त्याने वालची सुई दाबली. हवा सुसाट निघाली. जंगू डोळे मिटून ऐकत राहिला. फुसकारा आधी बारीक, उंच असतो. हवा कमी होते तसा तो खाली येतो, जाड होतो. "आता," असं म्हणून त्याने काडी काढली, दुसऱ्या चाकाकडे गेला, तिथेही बरोबर त्याच आवाजावर थांबला. सगळी चाकं एका आवाजावर आली तेव्हा गाडी रेतीवरून निघाली. चाक पसरून बसतं, पाय फाकवून चिखलातून चालणाऱ्या माणसासारखं, मग बुडत नाही. पुढे वारलूने त्यात पुष्कळ भर घातली. माल किती, रेती ओली की कोरडी, ऊन किती चढलं, पलीकडे रस्ता कसा. पण मूळ तेच राहिलं, फुसकारा ऐकायचा आणि सगळ्या चाकांना एका आवाजावर आणायचं. दरवर्षी उन्हाळ्यात गाडी घेऊन गावी आला की नदीवर जंगू उभा असायचा. दोघं मिळून हवा काढायचे, एक या बाजूला, एक त्या बाजूला. बोलायचे नाहीत. दोन भावांना एकमेकांशी जे काही बोलायचं होतं ते बहुधा त्या फुसकाऱ्यातच बोलून व्हायचं.

आलापल्लीला जंगूचे डेपोतले सोबती वाट बघत थांबले होते. त्याला जिथे मातीत ठेवलं होतं तिथल्याच टेकाडावरचा दगड त्यांनी निवडला होता, काळपट, माणसाच्या छातीएवढा उंच, वरून जरा एका अंगाला झुकलेला. "चालताना असाच चाले ना थो," त्यातला एक जण म्हणाला. ओंडके उचलताना म्हणतात तसं म्हणत त्यांनी दगड उचलला, बल्ल्यांवरून गाडीत आडवा घातला, खाली तणसाची गादी केली होती, दोर आवळले. त्यांच्या तोंडची ललकारी वारलूला ऐकू आली, पण विहिरीतून आल्यासारखी. माणसांचे गळे फुगताना दिसत होते आणि तो त्यांच्याकडे बघत मनाशी जुनी ललकारी जुळवत होता. फाळका लावला तेव्हा त्याने दगडावर हात ठेवला. उन्हाने तापला होता. "चाल दादा," तो हळूच म्हणाला. स्वतःचं हे बोलणंसुद्धा त्याला तोंडात जाणवलं, कानात नाही.

नदी आली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. तिला कागदावर काही नाव असेल, गावात तिला नदीच म्हणत. पुलाचे खांब उभे राहिले होते, त्यांच्यावर अजून काही नव्हतं. खांबांच्या पलीकडे पांढरी रेती पसरली होती, मधोमध पाण्याची एक चिंचोळी धार, आणि पलीकडच्या काठावर गाव येऊन उभं होतं. लांबून रंगीत ठिपके दिसत होते. त्यात कुठेतरी माय असणार, मंगलीबाई, जिला आता डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं पण जी उभं राहायला कुणाचा हात घेत नव्हती. ढोलही वाजत असणार. दगड नदीवर आला की ढोल सुरू करतात. वारलूने काठावर गाडी थांबवली, इंजिन बंद केलं आणि कान दिला. उन्हाचा एक सपाट आवाज होता, तो बहुधा त्याच्या डोक्यातलाच होता.

तो खाली उतरला. हवा किती काढायची? हा प्रश्न त्याने शेकडो वेळा सोडवला होता आणि आज तो त्याच्या अंगावर आल्यासारखा झाला. दगडाचं वजन फार नाही, पण ते सगळं मागे, एका जागी. रेती कोरडी, दिवसभर तापलेली, म्हणजे मोकळी. त्या हिशेबाने खूप ढिलं करायला हवं. पण पलीकडे काठ चढला की शिवेपर्यंत जंगलवाट, त्यात तोडलेल्या बांबूचे खुंट. ढिलं चाक त्यावर गेलं की खुंट भाल्यासारखा आत शिरतो. आणि पलीकडे हवा भरायला काही नाही. इथे जे काढलं ते गावाहून परत फिरेपर्यंत गेलंच म्हणून समजायचं. म्हणजे रेतीला पुरेल एवढं ढिलं आणि खुंटांना पुरेल एवढं ताठ, त्या दोन्हींच्या मधली एकच जागा होती. ती जागा डोळ्यांना दिसत नाही, फक्त फुसकाऱ्यात असते. पुढची दोन चाकं त्याने बघून जमवली. हवा कमी झाली की चाकाचं पोट खाली फुगतं, ते किती फुगतं हे नजरेला माहीत होतं. मागची बाहेरची दोन चाकंही तशीच जमली. राहिली आतली दोन. जोडीतल्या आतल्या चाकाचं पोट दिसत नाही. हात आत घालून वाल सापडतो, काडी लावता येते, पण किती गेलं आणि किती राहिलं हे सांगायला कानाशिवाय कुणी नसतं.

तो उजवीकडच्या आतल्या चाकापाशी गुडघे टेकून बसला, काडी दाबली, उजवा कान जवळ नेला. काहीतरी होतं. अगदी खाली, कापडातून यावं तसं. कुठे थांबायचं ते त्याने अंदाजाने ठरवलं. मग डाव्या बाजूला आला. मनगटावर हवेची थंड धार लागत होती, म्हणजे हवा निघत होती. ऐकू मात्र काहीच येत नव्हतं. बाहेरच्या चाकाचा अडसर, अंगाची वाकडी बैठक. उजवा कान तिथवर पोहोचतच नव्हता. त्याने श्वास धरला. स्वतःच्या छातीचे ठोके तेवढे ऐकू आले. तेवढ्यात सावली पडली. सुकरी उतरून आली होती आणि वळसा घालून बरोबर त्याच्या उजव्या हाताला येऊन बसली होती. "मी आयकू का?" ती म्हणाली. स्पष्ट म्हणाली, त्याच्या चांगल्या कानात, आणि त्याला शब्द न् शब्द ऐकू आला. तिला फुसकाऱ्याची जाण होती. लग्नाच्या नव्या दिवसांत ती त्याच्याबरोबर याच नदीत उतरायची, जंगूभाऊ म्हणतात तो आवाज मलाही कळतो, असं कौतुकाने सांगायची. नुसतं "आयक" म्हणायचं होतं. पण त्याला वाटलं, हिला ठाऊक आहे. किती दिवसांपासून ठाऊक आहे कुणास ठाऊक, आणि ही रोज उजवीकडे येऊन बसते, उजवीकडून बोलते, आणि मी आपला लपवत बसलो. लाज अंगभर चढली, आणि लाज चढली की या माणसाला राग येतो. "काय आयकाचं त्याच्यात?" तो खेकसला. "तीस वर्सं काय गोट्या खेळून राह्यलो का मी? तू तिकडं उभी राह्य." ती उठली. नदीकडे चालू लागली. त्याने आणखी थोडा वेळ काडी दाबून धरली, मग बांबूचे खुंट डोळ्यांपुढे आले, मग पुन्हा रेती आली. मनगटावरची धार पूर्वीइतकीच लागते आहे की कमी, हे त्याला ठरवता येईना. सकाळी विक्कीने याच चाकात दाबून हवा भरली होती, हे त्याच्या मनातच आलं नाही. काडी फेकून तो उठला.

पहिली रेती गाडीने छान खाल्ली. पुढची चाकं पसरून तरंगत गेली, त्याच्या पायांना ते इंजिनातून कळत होतं. खांबांच्या पुढे निम्मी रेती झाली, पाण्याची धार जवळ आली. तिथली रेती वरून कोरडी आणि आतून मऊ होती. गाडी डावीकडे थोडी कलली. अगदी थोडी, माणूस एका पायावर भार घेतो तेवढी. त्याच क्षणी त्याला कळलं. बाहेरचं चाक ढिलं, आतलं ताठ, म्हणजे त्या बाजूचा सगळा भार एकट्या आतल्या चाकावर. ते नांगरासारखं खाली चाललं होतं. त्याने पाय सैल केला, गिअर बदलला, मागे घेतली. थोडी हलली. पुढे घेतली. पलीकडून माणसं रेतीतून धावत आली, विनोद सर्वांच्या पुढे. त्यांनी मागे खांदे लावले, कुणी चाकाखाली पळसाच्या फांद्या टाकल्या. पुढे, मागे, पुढे. झोका देत देत गाडी खड्ड्यातून काढायची असते आणि लय तुटू द्यायची नसते, हे तो जाणत होता. त्याने आरशात पाहिलं. डाव्या आरशात सुकरी दिसली, दोन्ही हात वर करून तोंड उघडलेली. तिच्यामागे विनोद, त्याचंही तोंड उघडं. सगळ्यांची तोंडं उघडी होती, सगळ्यांचे हात वर होते. त्याला वाटलं, निघाली. जोर लावताना माणसं ओरडतात तशी ही ओरडताहेत, आणखी एक झोका, दादा, आणखी एकच. त्याने पाय पूर्ण दाबला. गाडी डावीकडे झुकली, काहीतरी मोठं सरकल्याचा धक्का त्याच्या पाठीला लागला, आणि मग गाडी एकदम हलकी झाली. ओझं उतरल्यावर बैल उभा राहतो तशी ती वर आली आणि खड्ड्यातून निघून पाण्याच्या धारेपाशी जाऊन थांबली. आरशातली माणसं आता ओरडत नव्हती. त्यांनी हात खाली घेतले होते.

तो उतरून मागे गेला. दोर तुटले होते, बाजूचा फाळका फुटून लोंबत होता. तो दगड रेतीत पडला होता. बुडाच्या अंगाने आपटून अर्धा आत शिरला होता आणि वरचा झुकलेला भाग तेवढा बाहेर होता. "मामा, थांब थांब म्हनून गळा फाटला आमचा," विनोद रडवेल्या आवाजात म्हणाला. "दोर तुटून राह्यला होता. तुमी पाहून राह्यले आमच्याकडं, अन् वरून रेस देऊन राह्यले." वारलूने त्याच्या ओठांकडे बघून ते समजून घेतलं. काय सांगणार? आरशात तुम्ही मला आनंदाने ओरडताना दिसलात, हे सांगायचं? विनोद ट्रॅक्टर आणायला वळला. "उचलू ना आपुन, कोन पाह्यलं?" तो म्हणाला. गावची पूजा करणारा म्हातारा भूमिया दगडाजवळ आला, त्याने खाली वाकून रेतीत शिरलेल्या कडेवरून बोट फिरवलं आणि मान हलवली. टेकला होता. अर्ध्याहून जास्त टेकला होता.

मग माणसं बाजूला झाली आणि मंगलीबाई आली. रेतीतून एकटी चालत, हातातली काठी पुढे टेकत. ती दगडापाशी बसली, दोन्ही हातांनी चाचपत वर गेली, झुकलेल्या भागापाशी थांबली. "असाच चाले," ती म्हणाली. मग कुणाकडेही न बघता म्हणाली, "पावसाळ्यात नदीनं घरी येऊ नाई देल्लं त्याले, आता ठेवून घेतलं. राहू द्या. नोका हलवू." वारलू तिच्यासमोर उभा होता. त्याला वाटलं ती आता शिवी देईल, आणि ती द्यावी असं त्याला फार वाटत होतं. पावसाळ्यात इथे पुरुषभर पाणी असतं. बाप आणि आजा तिकडे सागाच्या सावलीत, ओळीत, आणि हा एकटा पाण्याखाली. "माय," तो म्हणाला, "थो बुडंल." मंगलीबाईने आपले पांढुरके डोळे वर केले. "बुडंल तं बुडंल," ती म्हणाली. "पानी आलं का मी पोट्ट्याईले इचारीन, जंगूच्या कंबरेले लागलं का, गळ्याले लागलं का. तसं मोजत जाईन आता." एवढं बोलून तिने पदर तोंडाला लावला. त्यानंतर ती बराच वेळ बसून होती आणि बायका तिच्या भोवती बसल्या. त्या रडताहेत हे त्यांच्या पाठींच्या हलण्यावरून वारलूला कळत होतं.

सूर्य झाडांआड गेला तसा भूमियाने विस्तव करायला सांगितलं. दगड बसला म्हणजे ढोल वाजायलाच हवा, त्याशिवाय बसलेल्याला आपण बसलो हे कळत नाही. हा ढोल मात्र जंगूचा होता. तो गेल्यापासून कुणी वाजवला नव्हता, कातडं ओलसर, ढिलं पडलं होतं. बसलेल्या दगडापुढचा पहिला ठोका मेलेल्याच्या भावाने द्यायचा. भूमियाने ढोल वारलूच्या मांडीवर ठेवला. वारलूने तो विस्तवावर धरला, ऊब लागली तसं कातडं बोटाखाली ताठ होत गेलं. त्याने टिचकी मारली. बोटाला कळलं, कानाला नाही. पुन्हा धरला, पुन्हा टिचकी. किती ताणलं म्हणजे पुरे? जास्त तापला तर कातडं फाटतं, आणि जंगूच्या ढोलाचं कातडं त्याच्याच दगडापुढे फाटलं तर मग काही उरलंच नाही. माणसं गोल करून थांबली होती. त्याच्या मनात आलं, वाजवून टाकावं, कसंही. "हो, बराबर हाये" म्हणावं आणि वाजवावं. हात उचललाही. पण हात खाली येईना. पाठीमागे विस्तवाच्या उजेडात दगडाची ती झुकलेली सावली रेतीवर लांब पडली होती, आणि तिला फसवणं त्याच्याने होईना.

त्याने मान वळवून सुकरीला शोधलं. ती बायकांत नव्हती. थोडी दूर, गाडीच्या त्या डाव्या चाकापाशी उभी होती. "सुकरे," त्याने हाक मारली. हाक फार मोठ्याने गेली असावी, कारण सगळ्यांनी दचकून पाहिलं. ती आली. वळसा घालून त्याच्या उजव्या बाजूला बसायला लागली. त्याने मान हलवली. चारचौघांत, आईसमोर, विनोदसमोर, त्याने ढोल उचलून तिच्यापुढे धरला. "मले नाई येत आयकू," तो म्हणाला. "तू आयकून सांग."

सुकरीने त्याच्याकडे पाहिलं नाही. ढोलावर कान टेकवला, बोटाने हलकेच टिचकी मारली, डोळे मिटले. विस्तवाचा उजेड तिच्या तोंडावर हलत होता. सगळी नदी तिच्या तोंडाकडे बघत होती.

"आनखी थोडा," ती म्हणाली.

त्याने ढोल पुन्हा विस्तवावर धरला आणि तिच्या ओठांकडे बघत बसला.